तेवढंच सांगायला आले

दवाखान्याचं दार अर्धंच उघडायचं. आधी ओला हात दिसायचा, मग चष्मा, मग सिस्टर. एक पाय आत, एक बाहेर, आणि आवाज असा की रस्ता ओलांडून माझ्या दुकानात ऐकू यावा.

"काय न्हाय झालं अजून. तेवढंच सांगायला आले."

की दार बंद.

तुम्ही म्हणाल, काही झालंच नाही तर सांगायला कशाला यायचं? मीही हेच म्हणायचो, आणि हसायचो वर. माझं दुकान कळंबच्या रस्त्याला, बरोबर सरकारी दवाखान्यासमोर. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडं येतात, त्यांतली जुनी तार उपसून नवी भरायची हा माझा धंदा. दवाखान्याच्या व्हरांड्यात एकच बाक आणि त्याचाही एक पाय विटांवर. त्यामुळं बाळंतिणीबरोबर आलेली माणसं माझ्या दुकानापुढच्या फळीवर येऊन बसायची. पंचवीस वर्षं मी माणसांना घाबरताना बघतोय. कुणी तंबाखू मळतो तो मळतच राहतो, तोंडात टाकायचं विसरतो. एका आबांनी सुनेच्या काळजीत माझं तारेचं अख्खं भेंडोळं सोडवलं आणि नात झाल्यावर तसंच टाकून पेढे आणायला पळाले. तो गुंता मी दोन दिवस सोडवत होतो.

एकदा सिस्टर चहाला आल्या तेव्हा मी विचारलंच. म्हटलं, दर पंधरा मिनिटांनी काही नाही म्हणून सांगायला येता, त्यापेक्षा काही झाल्यावर एकदाच या की. त्यांनी बशी खाली ठेवली.

"भाई, दार बंद असलं की बाहेरचा माणूस मनातल्या मनात आतल्या सगळ्यांना मारून टाकतो. मी येऊन सांगितलं की पुढची पंधरा मिनिटं तरी ती जिती ऱ्हात्यात."

आवाज मोठा का, त्याचंही कारण त्या सांगायच्या. त्यांचे यजमान प्राथमिक शाळेत गुरुजी होते आणि ऐकायला फार कमी. कानामागं हात धरून उभे राहायचे. घरी त्यांच्याशी बोलून बोलून आपला गळा तमाशातल्या बाईसारखा झालाय, असं सिस्टर म्हणायच्या आणि स्वतःच लाजायच्या. माहेर लोणी भापकरचं, त्यामुळं बोलणं आमच्यासारखंच रांगडं. पण एक गोष्ट तुम्ही कधी त्यांच्या तोंडून ऐकली नसती. "घाबरू नका" असं त्या कुणाला म्हणायच्या नाहीत. एखादी सासू काकुळतीनं विचारायची, सिस्टर, घाबरण्यासारखं काही नाही ना? सिस्टर म्हणायच्या, "हाय की. पण अजून काय झालेलं न्हाय." सासूनं काय समजायचं ते समजावं.

त्या स्वतःही घाबरायच्या, हे फक्त मला माहीत होतं. दुकानाच्या मागच्या खिडकीतून दवाखान्याचा नळ दिसतो. एखादी अडलेली बाई सुखरूप मोकळी झाली, आत लेकरू रडलं, सगळी आनंदात, की सिस्टर मागं नळावर येऊन हात धुवायच्या. धुतलेले परत धुवायच्या. मग तिथंच दगडावर टेकायच्या आणि त्यांचे गुडघे लटलट हलायचे. मी खिडकीतून बाजूला व्हायचो. कुणाचं असलं काही बघू नये.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर कमीत कमी शंभर जणांना सांगितली असेल, आणि ती का सांगावी लागली तेही पुढं येईलच.

माझी मोठी मुलगी नसीम पहिल्या बाळंतपणाला घरी आली. सिस्टरनी तिला रक्तवाढीच्या लाल गोळ्या दिल्या, रोज एक. आणि मी शहाणा, मला कुणीतरी सांगितलं की त्या गोळ्यांनी बाळ पोटात फार मोठं होतं आणि मग पोट कापल्याशिवाय निघत नाही. आता हे ऐकून दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. पण माझी बहीण असंच पोट कापताना ऑपरेशनच्या टेबलावर वारलेली. तिला आत नेताना तिचा हात माझ्या हातात होता. नसीमचंही पोट कापणार, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं. मी त्या गोळ्यांची पाकिटं घरातून उचलली आणि दुकानात तारेच्या ड्रॉवरमध्ये खाली दाबून ठेवली. नसीमला म्हटलं, बास झाल्या, आता खजूर खा. तिला त्या गोळ्यांनी मळमळायचंच, ती खूश झाली. तिच्या आईला वाटलं सिस्टरनीच बंद केल्या.

सिस्टर रस्त्यापलीकडून ओरडून विचारायच्या, "भाई, नसीम गोळ्या घेती का?"

मी इकडून ओरडायचो, "व्हय, रोज."

आठव्या महिन्यात रक्त तपासलं तर फारच कमी. सिस्टर कोड्यात पडल्या. रोज गोळी घेऊन एवढं कमी कसं, म्हणून त्यांनी कार्ड तीनदा वाचलं. मला म्हणाल्या, हिला बारामतीला नेऊन रक्तवाढीची सलाईन लावून आणा, आणि बाळंतपणही तिकडंच करायचं, हितं नको. मी हो म्हटलं. सोमवारी नेतो म्हटलं. तेव्हाही खरं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. कारण एकदा खोटं बोललं की दुसऱ्या वेळी ते आपोआपच तोंडातून येतं.

शनिवारी दुपारी जेवताना नसीमला कळा सुरू झाल्या. रिक्षात घालून समोरच्या दवाखान्यात आणेपर्यंत ती उभी राहू शकत नव्हती. डॉक्टर शिबिराला गेलेले. सिस्टरनी तपासलं आणि म्हणाल्या, आता बारामती नाही, बाळ वाटेतच होईल, पण रुग्णवाहिका बोलावून ठेवते. मी माझ्याच दुकानाच्या फळीवर येऊन बसलो, जिथं मी लोकांना बसलेलं बघत आलो होतो. हातात तारेचं भेंडोळं कधी आलं कळलं नाही.

दार उघडलं. "काय न्हाय झालं अजून. तेवढंच सांगायला आले."

परत एकदा आल्या. तेच बोलल्या. खरं सांगतो, त्या दिवशी मला हसू आलं नाही. त्यांचा शब्द न् शब्द मी धरून ठेवत होतो.

मग बाळाचा आवाज आला. नसीमच्या आईनं दुवा मागायला हात वर केले. आणि त्यानंतर दार उघडलं नाही.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. बाळ झालं म्हणजे आता तर धावत यायला हवं. दार बंदच. मी रस्ता ओलांडून दाराशी गेलो, आतून सिस्टर कुणाला तरी इंजेक्शन भरायला सांगत होत्या. आवाज मोठा नव्हता. त्या हळू बोलत होत्या. माझी बहीण गेली तेव्हाही आत सगळे हळूच बोलत होते.

दार उघडलं ते पूर्ण उघडलं. सिस्टरच्या कोपरापर्यंत रक्त होतं.

"मुलगी झाली. ती चांगली हाय. नसीमचं रक्त थांबत न्हाय. हे मी खरं सांगतीय. गाडी आली की निघायचं."

मी तिथंच खाली बसलो आणि बोललो. गोळ्या ड्रॉवरमध्ये आहेत म्हणालो. एकही दिली नाही म्हणालो, गेले तीन महिने. नसीमची आई बाजूलाच होती. तिनं माझ्याकडं पाहिलं ते मला अजून दिसतं.

सिस्टर रागावतील असं वाटलं.

"हे तितं डॉक्टरला तुमी सांगायचं. तुमच्या तोंडानं. मी सांगणार न्हाय."

आणि आत गेल्या.

गाडी आली. मागं नसीम, बाळ, तिची आई आणि सिस्टर. मला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं. कारखाना चालू झालेला, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागं आम्ही. ड्रायव्हर भोंगा वाजवतोय आणि पुढचा ट्रॅक्टरवाला गाणी लावून चाललाय. मी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होतो. असं वाटत होतं, खाली उतरून ती ट्रॉली हातानं ढकलावी. बहिणीला नेलं तेही याच रस्त्यानं.

ड्रायव्हरच्या पाठीमागं एक लहानशी काच असते, मागचं दिसायला. तिच्यावर टकटक झाली. मी वळलो. सिस्टर नसीमवर वाकल्या होत्या, एक हात तिच्या पोटावर जोरात दाबलेला, आणि दुसऱ्या हाताच्या कोपरानं त्यांनी काच वाजवली होती. ऐकू काहीच येत नव्हतं. पण ओठ दिसत होते. काय न्हाय झालं अजून.

पुढच्या वळणाला परत टकटक. परत तेच ओठ. कालव्याच्या पुलावर परत. पाऊण तासाच्या त्या रस्त्यात त्यांनी किती वेळा काच वाजवली हे मोजण्याइतकी शुद्ध मला नव्हती. हात नसीमच्या पोटावरून त्यांनी उचलला नाही. गाडी खड्ड्यात आपटली तेव्हा त्यांचं डोकं वरच्या लोखंडाला लागलं, कपाळावरून रक्त आलं, तरी तो हात तिथंच.

बारामतीच्या हॉस्पिटलात नसीमला आत घेतलं. एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आली आणि विचारू लागली, आधीपासून रक्त एवढं कमी का, गोळ्या घेत नव्हती का? सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाकावर जावई होता, त्याचा बाप होता, आमच्या गल्लीतले चौघे आलेले. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्यामुळं, म्हणालो. मी लपवल्या.

कुणी मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

चार बाटल्या रक्त लागलं. पहिली जावयाच्या मित्रानं दिली, दुसरी त्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की रक्त थांबलंय. नसीम वाचली. सिस्टर नळ शोधत गेल्या. मी मागून गेलो नाही, पण त्या कुठं आणि कशा बसल्या असतील हे मला माहीत होतं.

तुम्हाला वाटेल प्रकरण संपलं. सिस्टर त्या बाबतीत फार बेरकी. घरी परतल्यावर त्यांनी मला एका शब्दानं टोचलं नाही, पण दुसऱ्याच आठवड्यात एक गरोदर बाई आणि तिचा बाप दवाखान्यात आले, गोळ्या गरम पडतात म्हणून तक्रार करत. सिस्टरनी बापाला दारात आणलं आणि माझ्या दुकानाकडं बोट केलं. "त्या भाईला जाऊन इचारा." तो बिचारा आला आणि फळीवर बसला. मी काय करणार? सगळं सांगितलं. मग दर आठवड्याला कुणी ना कुणी यायला लागलं. कुणाचा बाप, कुणाचा नवरा, एकदा तर इंदापूरकडची सासूच. पहिल्यांदा जीभ जड व्हायची. माझी इज्जत सिस्टरनी अशी थोडी थोडी करून वाटून टाकली. आणि खरं सांगायचं तर मला झोप त्यानंतरच लागायला लागली.

ड्रॉवरमधली ती पाकिटं मी टाकली नाहीत. येणाऱ्याला दाखवायला लागतात.

सिस्टर निवृत्त झाल्या आणि जळोचीला मुलाच्या नव्या घरी राहायला गेल्या. नसीमची मुलगी शाळेत जायला लागली होती. ईदला आम्ही शिरखुर्मा घेऊन जायचो. सिस्टर तिचे डोळे खाली ओढून बघायच्या आणि म्हणायच्या, रक्त चांगलं हाय.

मग परवाच्या उन्हाळ्यात गुरुजींचा फोन आला. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून ते एकटेच बोलले आणि ठेवून दिला. सिस्टरना बारामतीच्या हॉस्पिटलात नेलंय, छातीत दुखलं, एवढंच कळलं. मी गेलो तर गुरुजी अतिदक्षता विभागाबाहेर एकटे. मुलगा परदेशी कामाला, तो निघाला होता. दार बंद, त्याला वर एक काच. आतून कुणी येत नव्हतं. गुरुजी त्या दाराकडं बघत होते आणि ते काय बघत होते हे मला ठाऊक होतं.

मी उठलो. काचेतून आत पाहिलं. सिस्टर होत्या, तोंडावर मास्क, यंत्रावर हिरवी रेघ चाललेली. परत आलो आणि गुरुजींच्या कानाशी ओरडलो, "काय न्हाय झालं अजून. तेवढंच सांगायला आलो."

गुरुजींनी चमकून पाहिलं. मग हसले. पहिल्यांदाच हसले.

मग मी तेच काम धरलं. दर पंधरा मिनिटांनी उठायचं, काचेशी जायचं, येऊन ओरडायचं. बाकीचे नातेवाईक सुरुवातीला वैतागले, मग तेही आपापल्या माणसाचं विचारायला लागले. मला जमेल तेवढं बघून सांगत होतो. आतून मात्र मी भीतीनं पार गळून गेलो होतो. काचेशी जाताना दर वेळी बहिणीचा हात आठवायचा. एकदा सिस्टरनी डोळे उघडले. मी कोपरानं काच वाजवली, ओठ हलवले. त्यांना दिसलं की नाही मला कळलं नाही, पण त्यांचा पांघरुणावरचा हात जरासा हलला.

सव्वापाचला परत उठलो. काचेतून पाहिलं तर पलंगाभोवती हिरवा पडदा ओढलेला होता आणि खाली चारपाच जणांचे पाय दिसत होते. मी थांबलो. बराच वेळ थांबलो. मग एक नर्स पडद्याबाहेर आली, यंत्राचं बटण बंद केलं, आणि पलीकडच्या मुलीशी काहीतरी हळू बोलली.

मी वळलो. दारापासून बाकापर्यंत दहा पावलं असतील. गुरुजींनी मला येताना पाहिलं, सरसावून बसले, आणि रोजच्यासारखा कानामागं हात धरला.