कोंबडा अंग झाडेना

मी आयुष्यात एकच कोंबडा कापला आणि त्याला कसलाही त्रास झाला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी आमच्या अंगणात त्रास न झालेला तो एकटाच होता.

कोंबडा होता लक्ष्मीआईच्या नवसाचा. मी तेव्हा जिंतूरच्याही पलीकडं, डोंगरातल्या एका शाळेवर मास्तर होतो आणि घर इकडं झरीजवळ. आठवड्यातून एकदा यायचो, तेही धुळीनं ओळखू न येण्यासारखा. माझ्या मायनं देवीला सांगितलं, "लेकाची बदली जवळ होऊ दे, फुडल्या आखाडात तुला तुरेवाला कोंबडा देते." तीन महिन्यांत बदली झाली. घरापासून सायकलवर पंधरा मिनिटांची शाळा! मायनं गावभर सांगितलं की हे काम देवीचं. मी शेजारी उभा राहून मान डोलावली. (तीच मान पुढं अडकली.)

आमच्याकडं कोंबडा कापायचा मान दाजींचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ताडकळसचे. माणूस देवभोळा, पण हात जड आणि सुरी बोथट. त्याच्या आदल्या आखाडात त्यांनी कापलेला कोंबडा अर्ध्या मानेनं उठला, अंगणाला दोन चकरा मारल्या आणि धुण्याच्या बादलीत जाऊन पडला. मला त्या दिवशी घास उतरला नाही. (बरं, दोनच भाकरी उतरल्या.) तेव्हाच ठरवलं, पुढचा कोंबडा मी कापणार आणि त्याचे हाल होऊ देणार नाही.

मग मोबाइलवर बघून अभ्यास केला. पाखराला पळवायचं नाही, आरडाओरड करायची नाही. उलटं धरलं की ते शांत होतं. अंगाला घट्ट बसेल अशा नरसाळ्यात घातलं की त्याला फडफडता येत नाही. आणि सुरी अशी हवी की वहीचं पान नुसतं टेकवताच चिरलं पाहिजे. मी तेलाचा प्लॅस्टिकचा पाच लिटरचा डबा घेतला, त्याचं बूड कापलं, तोंडाकडचं भोक मान बाहेर येईल इतकं वाढवलं आणि अंगणातल्या कडुलिंबाच्या खोडाला उलटा ठोकला. सुरीला आठ दिवस धार लावत होतो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आवो, एवढी तयारी तुमी आपल्या लग्नालाबी केली नव्हती."

आखाडातला तो दिवस उजाडला. दाजी मोटरसायकलवरून उतरले आणि आधी डबा बघितला.

"हे काय हो गुरुजी? कोंबडा डब्यात घालून देवीला पारसल करायलाव का?"

"दाजी, ही त्याला त्रास न देता कापायची पद्धत हाय."

"मंग आमची कोणती?"

"तुमची त्यानं सोसायची."

दाजी फुगून ओट्यावर बसले. मी कोंबडा अलगद उचलला, पोटाशी धरून जरा थोपटला आणि उलटा करून डब्यात सोडला. खालून मान बाहेर आली, डोळे अर्धे मिटले. इतका शांत कोंबडा आमच्या अंगणानं बघितला नव्हता. मी सुरी उचलली.

"थांब की रं," माय म्हणाली. "आधी अंग झाडू दे."

हा आमच्याकडचा रिवाज. कोंबड्याच्या डोक्यावर हळदी-कुंकवाचं पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं की समजायचं, देवीनं तो पदरात घेतला. तोवर सुरी लावायची नाही. एरवी हे दोन मिनिटांचं काम, कारण भिजलेलं पाखरू अंग झाडतंच.

मायनं पाणी शिंपडलं. कोंबडा ढिम्म. दाजींनी अख्खा तांब्या ओतला. कोंबड्यानं एक डोळा उघडला, दाजींना बघितलं आणि मिटला. मग तिसरा तांब्या, चौथा, पाचवा. पाणी त्याच्या चोचीवरून निवांत ठिबकत होतं.

"आई घेईना," दाजी खालच्या आवाजात म्हणाले. "घरात कोणाचं तरी चुकलंय. ज्याचं चुकलंय त्यानं कबूल करावं."

हाही रिवाजच. कौल मिळेना की घरातल्यांनी आपापलं पाप देवीसमोर बोलून टाकायचं. सुरुवात दाजींनीच केली.

"मागच्या वर्साला निवद दाखवायच्या आधी काळीज म्या खाल्लं. मीठ बघायला."

"तरी म्या म्हनलं," माय म्हणाली, "मांजर काळीज खाऊन झाकण परत कसं लावंल."

पुन्हा पाणी. कोंबडा ढिम्म.

मग सुनंदा पदर सावरत पुढं झाली. "आत्याबाई, ह्यो नवसाचा कोंबडा न्हाई. त्यो मुंगसानं नेला. तुमी जिवाला लावून घ्याल म्हणून म्या दुसरा आणून सोडला."

मायनं चार महिने ज्याला नवसाचा म्हणून हातानं ज्वारी चारली तो परका निघाला! "तरीच," ती म्हणाली, "ह्याचा तुरा अचानक डावीकडं कामून पडायलाय, मला कळंना. वाटलं, माझीच नजर गेली." पण लगेच तिनं सुनेची बाजू घेतली. "आई, पोरीनं भिऊन केलं. पदरात घे." आणि सातवा तांब्या ओतला.

ढिम्म.

माय मटकन खाली बसली. "मंग माझंच कायतरी चुकलं," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आई, माझ्या लेकाची बदली माघारी घेऊ नको गं. त्याला परत त्या डोंगरात धाडू नको. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

मला ते बघवेना. सत्तरीची बाई माझ्या थापेपायी देवीपुढं रडत होती आणि मी हातात सुरी घेऊन उभा होतो.

"माय," मी म्हणालो, "बदली देवीनं न्हाई केली. म्या अर्ज केला व्हता."

"मंग? अर्ज देवीनंच मंजूर केला असंल."

"अर्जात एक गोष्ट लिहिली व्हती."

"काय?"

"आई अंथरुणाला खिळून हाय. उठता येत न्हाई, बसता येत न्हाई. घास भरवावा लागतो."

माझ्या मायनं त्या दिवशी पहाटे उठून अंगण सारवलं होतं, शेळ्यांचं केलं होतं आणि कुऱ्हाडीनं चुलीपुरतं सरपणही फोडलं होतं. ती सावकाश उभी राहिली. हातात पितळी तांब्या होता, रिकामा, पण जड. मी एक पाऊल मागं सरकलो, दुसरं सरकलो आणि पाठ लिंबावरच्या डब्यावर आदळली. खिळा निसटला, डबा खाली पडला, कोंबडा घसरून बाहेर आला, उभा राहिला आणि त्यानं असं अंग झाडलं की चौघांच्या तोंडावर पाणी उडालं!

"घेतला!" दाजी ओरडले. "गुरुजींनी कबूल केलं आणि आईनं घेतला!"

सुनंदानं तोंड पुसलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आवो, त्या डब्यात त्याला अंग झाडायला जागा तरी व्हती का?"

मी डब्याकडं बघितलं. पाखराला हलता येऊ नये म्हणूनच तर तो केला होता. विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरनं कोंबडा ठासून बसवला आणि मग पाऊण तास तो हलायची वाट बघितली. पण हे मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. मायनं डोळे पुसून देवीला हात जोडले होते आणि तिच्या लेखी बदली आता पक्की झाली होती.

डबा परत ठोकला. कोंबडा परत आत गेला, परत शांत झाला. मनातल्या मनात मी त्याची माफी मागितली आणि सुरी एकदाच ओढली. तडफड नाही, पळापळ नाही. थोड्या वेळात सगळं संपलं. दाजीसुद्धा म्हणाले, "लय सुखात गेला बगा." मला हायसं वाटलं. त्या दिवशी तीन भाकरी उतरल्या.

जेवणं झाल्यावर बघतो तर माय ओसरीत बाजेवर आडवी. अंगावर वाकळ.

"काय झालं माय? बरं वाटंना का?"

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "पण सरकारच्या कागदावर लिवलंय न्हवं? मी खिळलेली हाय. पाणी आण. आणि उद्यापासून शेळ्या, सडा, सरपण तूच बघायचं. शाळा जवळच हाय, येळ लय हाय तुला."

वाटलं, आठ दिवसांत राग उतरेल. आता पुढचा आखाड आलाय. पहाटे उठून लेंड्या काढतो, सडा टाकतो, सरपण फोडतो आणि चहा घेऊन बाजेपाशी उभा राहतो. माय एक घोट घेऊन साखर कमी असल्याचं सांगते. तो डबा अजून लिंबावर आहे. आत गेलं की जीव शांत होतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून परवा कोणी नाही असं पाहून त्यात डोकं घालून बघितलं. काही उपयोग नाही. आत मायची हाक दुप्पट घुमते.