ब्रेकच्या तारांतलं खोबरेल

मनालीहून लेहला सायकलने जायचं ठरलं तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, माझ्याशी बोलणं टाकलं. मुलाला मात्र एक अट घातली, तीही मला ऐकू येईल अशी: "जावा कुठं जायाचं तं. पन तिनं तुझ्या मागं ऱ्हायाचं. फुडं न्हाय." मी भांडी जरा जोरात आपटली. पण गप्प बसले, कारण मला जायचं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी ते ओटीवर दोन्ही सायकली उलट्या करून बसले होते. सगळा जन्म मिठागरावर गेलेला माणूस. आमच्याकडची खारी हवा लोखंड खाते, म्हणून कडी, कोयता, पंप, जे दिसेल त्याला ते घरच्या नारळाचं तेल लावतात. साखळीला लावलं ते ठीक, पण ब्रेकच्या तारा ज्या नळीतून जातात तिच्यातही त्यांनी थेंब थेंब तेल सोडलं. तिथे काही घालू नका म्हणून सायकलवाल्याने बजावलं होतं. मी तोंड उघडलं नाही. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ते माझ्या वस्तूला हात लावत होते. वर तेलाची एक छोटी बाटलीही त्यांनी माझ्या पिशवीत ठेवली.

पहिले तीन दिवस ब्रेक जड वाटत होते. दोष आम्ही थंडीने आखडलेल्या बोटांना दिला. चौथ्या दिवशी बारालाचा खिंडीच्या अलीकडे, तंबूत उठलो तर पाणी गोठलेलं. पिशवीतलं तेलही पांढरंफटक झालेलं. आमच्याकडे जानेवारीत चार दिवस तेल थिजतं, बाटली उन्हात ठेवली की झालं. मी ती नवऱ्याला दाखवली आणि आम्ही दोघं हसलो. पुढचं काही दोघांनाही सुचलं नाही, याचा मला अजून राग येतो.

खिंड चढेपर्यंत दुपार झाली. ढग उतरले होते, ऊन नावालाही नव्हतं. नवरा हात हलवून सामानासकट उताराला लागला. मी अटीप्रमाणे मागे. पहिल्याच वळणाला ब्रेक दाबला, तर तो दबेचना. दोन्ही हातांनी दाबला, तार जागची हलेना. तेव्हा ती पांढरी बाटली डोळ्यांपुढे आली.

मी पाय घासत, शेवटी डोंगराच्या अंगाला कलंडून कशीबशी थांबले. तो पुढे होता. एका बाजूला दरी, कठडा नाही. "थांब! ब्रेक लागत न्हाय!" मी ओरडले, पण वारा माझ्याच तोंडावर होता. त्याचं लाल जाकीट वळणाआड गेलं.

सायकल टाकून मी पळाले. त्या उंचीवर कुणी पळत नाही. दहा पावलांत दम संपायचा, वाकून उभी राहायचे, परत पळायचे. वळणावर मातीत चाकाचा लांब ओरखडा होता, थेट दरीच्या काठाकडे गेलेला. काठाशी जाऊन खाली बघायची माझी छाती झाली नाही. नुसती उभी राहिले. भीती होती, आणि तेवढाच बाबांवरचा संताप.

"अगं, इकडे."

आवाज मागून आला. रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात तो बसला होता, गुडघा फुटलेला, सायकल अंगावर. अगदी काठावरून त्याने हँडल फिरवलं होतं. मी त्याला आधी शिव्या घातल्या, मग रडले.

सायकली ढकलत खालच्या चहाच्या तंबूपाशी आलो. तिथल्या बाईने किटलीतलं कढत पाणी तारांवर ओतलं. तेल पाझरलं, आणि त्या ओसाड जागी आमच्या ओटीचा वास सुटला.

तंबूत सॅटेलाइट फोन होता. बाबांना काय काय सुनवायचं ते मी वाटभर घोळवलं होतं. फोन त्यांनीच उचलला, आणि माझा आवाज ऐकताच म्हणाले, "सायकली बऱ्या चालतान ना? तेल लावतेस ना गो?"

इतक्या दिवसांनी ते माझ्याशी बोलत होते. घोळवलेलं सगळं विसरले, पण खोटंही बोलवेना. तेल थिजलं, ब्रेक लागले नाहीत, तो पडला, आता बरा आहे, आणि मी मागे होते म्हणून त्याला वेळेवर सांगता आलं नाही, एवढं सांगितलं.

 

"पोरी," ते म्हणाले, "उद्यापास्न तू फुडं ऱ्हा."