मंगळवारचा तागा

माझी वहिनी कटर आहे, म्हणजे शर्टांच्या कारखान्यात कापड कापते. चाळीस थर एकावर एक अंथरायचे, खडूनं रेघ मारायची आणि मशीन फिरवायचं. रेघ चुकली की चाळीस शर्ट बाद. त्यामुळे कुठंही काही बिघडलं की ही आधी स्वतःचीच रेघ तपासते.

आठवड्यापूर्वी तिच्या सोनोग्राफीत बाळाचा ठोका दिसला नाही. "सात दिवसांनी पुन्हा बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते सात दिवस आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. वहिनीच्या डोक्यात एकच गोष्ट. त्या तपासणीच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, हमाल आला नाही म्हणून तिनं कापडाचा वीस किलोचा तागा स्वतः उचलला होता. तिनं ते आईला सांगून टाकलं. आईनं ऐकलं आणि तोंडाला कुलूपच लावलं. मला असा संताप आला! सुनेला चार शब्द सुनाव, नाहीतर जवळ घे, पण बोल की बाई!

आज दादा बाहेर येरझाऱ्या घालत होता. आत आम्ही तिघी. मशीन फिरवता फिरवता डॉक्टरीणबाईंचा हात थांबला.

"ठोका नाही. वाढ सहाव्या आठवड्यातच थांबलीये."

"मी तागा उचलला होता," वहिनी म्हणाली.

"कधी?"

"नऊ दिवस झाले."

"आज तुमचा नववा आठवडा पूर्ण झालाय. म्हणजे हे तीन आठवड्यांपूर्वीच थांबलं होतं. आणि आधी उचलला असतात, तरी त्यानं काही झालं नसतं. बहुतेक वेळा गर्भाच्या जडणघडणीतच सुरुवातीला चूक झालेली असते. ओझं उचलल्यानं असं होत नाही."

वहिनीनं मनातल्या मनात दिवस मोजले, दोनदा. मग ती ढसाढसा रडली. मी आईकडे डोळे वटारून पाहिलं, आता तरी बोल म्हणून.

आई बोलली, पण डॉक्टरीणबाईंशी.

"आणि पाण्याची भरलेली बादली?"

"कुणी उचलली?"

"मी. हिच्या जन्माच्या आधी." आईनं माझ्याकडे बोट केलं. "छत्तीस वर्षं झाली. सासूबाई म्हणाल्या, त्यानंच गेलं."

दादाच्या आणि माझ्या मध्ये आणखी कुणी होतं, हे मला त्या खोलीत कळलं.

"नाही हो आई. बादलीनंही नाही."

आईनं वहिनीचं डोकं पोटाशी धरलं.

"माझ्या सासूबाई तर गेल्या," ती म्हणाली. "आता त्यांना कोण सांगणार?"