सातुर्योने उघडलेलं फाटक

सातुर्यो गाणं म्हटल्याशिवाय धार काढत नसे. आपुरे नदीकाठच्या माळावर ती रीतच होती. पण सातुर्योचा गळा म्हणजे, काय सांगावं, नाटक कंपनीने पालखीत घालून न्यावा असा! "ये गं लुसेरो, चांदणी माझी," अशी तान घेतली की कुंपणाआडून लुसेरोचंच वासरू धावत यायचं. आईचं नाव त्यालाही पाठ. चार घोट लुचून त्याने पान्हा फोडला की सातुर्यो त्याला आईच्या पुढच्या पायाशी बांधी आणि बादली गुडघ्यांत धरी.

त्या वर्षी लुसेरो आणि आणखी तीन गाई व्यायल्यावर पाच महिने माजावरच येईनात. मालकाने बजावलं, "पावसाळ्याच्या पुराआधी गाभण राहिल्या तर ठीक. नाहीतर कसायाचा ट्रक."

गुरांची डॉक्टरीण इर्मा आली. खांद्यापर्यंत हात घालून तिने एकेकीला तपासलं.

"काका, आजार काही नाही. वासरं दिवसभर लुचतात, म्हणून यांच्या शरीराला वाटतं, लेकरू अजून अंगावर आहे, दुसरं नको. माज आणणारे हार्मोन मग जागेच होत नाहीत. धारेनंतर अर्धा तास पाजा आणि वासरं वेगळी करा. महिनाभर."

"आणि रडली तर?"

"रडू देत. तुमच्यापेक्षा सुरात रडतील!"

सगळे हसले. सातुर्योही हसला.

पण चौथ्या दिवशी भर दुपारी, माणसं टांगलेल्या झोळ्यांत घोरत असताना, लुसेरोच्या वासराचा हंबरडा त्याला ऐकवेना. त्याने फाटक उघडून तेवढ्या एकाला सोडलं. आई वासराला चाटू लागली, तेव्हा आपल्या हातून पुण्य घडलं असंच त्याला वाटलं. मग ते रोजचंच झालं.

बायकोने, बेनिल्दाने, पाहिलं. "अहो, ती डॉक्टरीण काय सांगून गेली?"

"तिला पुस्तकांनी शिकवलंय. मला चाळीस वर्षं गाईंनी शिकवलंय."

महिन्याने इर्मा आली. तिघी माजावर येऊन वळूला लागल्या होत्या. लुसेरो तशीच.

"काका, हिचं वासरू वेगळं ठेवलं होतंत ना?"

मालक शेजारीच उभा होता. "हो तर," सातुर्यो म्हणाला.

"मग माझ्याही हातात काही नाही."

आठ दिवसांनी ट्रक आला. लुसेरो फळीवर चढेना, म्हणून सातुर्योलाच गायला लावलं. तो गायला. ती निमूट चढली.

पूर ओसरल्यावर इर्मा पुन्हा आली, तेव्हा त्याने तिला एकटीला गाठून सगळं सांगितलं. तिने हात पुसले.

"काका, तेव्हाच मला बाजूला घेऊन सांगायचं होतंत. ट्रक यायला आठ दिवस होते. तीन दिवस वासरू पार लांबच्या कुरणात नेलं असतं, तर बहुतेक तेवढ्यानेही ती माजावर आली असती."

"तीन दिवस," सातुर्यो म्हणाला. "तीन दिवस तर मी कानात कापूस घालून काढले असते, बाई."