मधल्या ओळी

बाळांनो, माझ्या माहेरी, विट्याजवळच्या रानात, आता सगळाच ऊस नाही. माझ्या धाकट्या भावाच्या सुनेने तिथे शेडनेट, म्हणजे हिरव्या जाळीचे घर, उभारून विकण्यासाठी ढोबळी मिरची लावली आहे. मुलगी शेतकी कॉलेजात शिकलेली. पहिला माल चांगला निघाला तरच रान तिच्या हाती राहणार, नाहीतर पुन्हा ऊस, असे भावाने चारचौघांत सांगून ठेवले होते.

मी गेले त्या सकाळी एक कामकरी बाई जाळीच्या दाराबाहेर बसली होती. आत का नाही, असे विचारल्यावर तिने पदर तोंडाशी नेला. उत्तर भावाने दिले.

“चार दिस आत सोडत न्हाई. मिरची करपती.”

मी थक्क झाले. पानमळ्यात असा विटाळ पाळतात, हे लहानपणापासून ऐकत आले होते. पण ठिबकच्या नळ्या आणि जाळी यांच्या दारातही तोच? मी सुनेकडे पाहिले. ती हळूच म्हणाली, “आत्या, त्यावर भांडत बसले असते तर ही जाळीच उभी राहिली नसती.”

आत शिरलो आणि तिचा चेहरा उतरला. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंची पाने पिवळट ठिपक्यांची, सुरकुतलेली. फळे मात्र टपोरी लटकत होती.

“व्हायरस आहे. ह्याला औषध नाही. उपटायचं आणि जाळायचं.”

“बग आक्का,” भाऊ म्हणाला, “कुनीतरी शिवलीच असनार. ह्या बायका सांगत्यात व्हय?”

बोलता बोलता त्याने तळहातावर चुना घालून तंबाखू मळली, चिमूट गालात ठेवली आणि त्याच बोटांनी समोरच्या झाडाचा फुटवा खुडला.

सून त्या बोटांकडे बघत राहिली. मग मागच्या ओळी पाहून आली. तिथे बायका खुडत. तिथली पाने स्वच्छ होती.

“मामा,” तिने सासऱ्याला विचारले, “मधल्या ओळी तुम्हीच खुडता ना?”

“मग? बायकांवर सोडायचं काम हाय का ते?”

“तंबाखूतून येतो हा रोग. हाताला लागून.”

तो हसला. “जलमभर खातोय. मला काय झालं न्हाई.”

“तुम्हाला नाही. मिरचीला.”

हसू मावळले. “आक्का, सांग हिला काय ते.”

संशय यावा अशी एकच जागा आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकली होती, आणि रोग रोज सकाळी घरधन्याच्या बोटांवरून आत येत होता.

“आजपासून तुम्ही आत यायचं नाही, मामा.”

त्या घरात त्याला ‘नाही’ म्हटलेले मी कधी ऐकले नव्हते.

“माझ्याच रानात?”

“मागच्या ओळी वाचवायच्या असतील तर.”

तो नळावर गेला, साबणाने हात धुतले आणि परत येऊन ओले पंजे तिच्यापुढे धरले. तिने त्याच्या सदऱ्याच्या खिशातल्या तंबाखूच्या पुडीकडे पाहून नकारार्थी मान हलवली. तो बाहेर पडला.

ती फळांसकट झाडे उपटू लागली. मी पोत्याचे तोंड धरून उभी राहिले. ती रडत नव्हती, पण वर बघतही नव्हती. बऱ्याच वेळाने जाळीपलीकडून आवाज आला.

“मागच्या तरी ऱ्हातील न्हवं?”

“बघू,” ती म्हणाली आणि पुढच्या झाडाला हात घातला.