नोटीस आलीच नव्हती

शाळा न्यायाधिकरणाची पहिली नोटीस मी स्वतःच्या हाताने घेतली होती. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली.

सोलापुरातल्या एका खासगी शाळेत मी लिपिक आहे. संस्थेने एका बाईंना नोकरीवरून काढलं होतं, त्याविरुद्ध त्या न्यायाधिकरणात गेल्या होत्या. दहावीच्या परीक्षेची धांदल, त्यात चेअरमनसाहेबांचा पारा चढलेला. त्यांच्यापुढे तो लिफाफा न्यायची हिंमत झाली नाही. जरा शांत झाले की देऊ, म्हणून कपाटात ठेवला, तो राहिलाच. महिन्याने दुसरी नोटीस आली. ती दिली असती तर पहिली कुठे गेली, हे निघालं असतं. तीही कपाटात गेली.

मग एकदम निकालच आला. संस्थेतर्फे कोणीही हजर नाही, सबब एकतर्फी. बाईंना कामावर घ्या. चेअरमनसाहेबांनी कागद माझ्यापुढे टाकला.

"आरं, ही केस चालली कवा? मला कसं ठाव न्हाय?"

"साहेब, नोटीस आलीच नाही," मी म्हणालो. ठरवलेलं काही नव्हतं, तोंडातून गेलं.

तेवढ्यावर सात रस्ता चौकातल्या, संस्थेच्या वकिलांनी निकाल रद्द करण्याचा अर्ज उभा केला. "टपाल तुम्हीच घेता ना? मग प्रतिज्ञापत्र तुमचंच." केली सही. असल्या अर्जांचं काही होत नसतं, अशी मनाची समजूत घातली.

तारखेला बाई समोरच बसल्या होत्या. कामावर परत येऊन त्यांना दोनच आठवडे झाले होते. त्यांच्या वकिलांनी न्यायाधिकरणाच्या फाइलीतली, पहिल्या नोटिशीच्या टपालाची पोचपावती पुढे केली. शाळेचा शिक्का, आणि वर घाईत ओढलेली एक वेडीवाकडी सही. पोचपावती पाठवणाऱ्याकडे परत जाते, हे जन्मभर टपाल हाताळणाऱ्या मला सुचलंच नव्हतं.

बाईंनी पावती माझ्यासमोर धरली.

"भाऊ, ही तुमचीच ना हो?"

"नाही, बाई."

सही कोणाची ते ठरेना. निकाल रद्द. केस पुन्हा पहिल्यापासून, आणि बाई पुन्हा घरी. सगळं अर्ध्या तासात. माझ्या एका 'नाही'ला इतकं वजन? घरात माझं कोणी ऐकत नाही.

बाहेर चेअरमनसाहेबांनी पाठीवर थाप मारली. "लई भारी बोललास की!"

गेल्या रविवारी बाईंच्या घरी गेलो आणि दारातच उभं राहून सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, रडतील, नाहीतर हाकलून देतील.

"हे मला कशाला सांगताय? मला माहीतच होतं," त्या म्हणाल्या. "तिथं सांगा की."

"नोकरी जाईल, बाई."

"माझी गेलीच की."

मी पायरी उतरायला लागलो.

"परवा तारीख आहे. अकराला या."

"शाळा असते..."

"मग रजा टाका."

सोमवारी रजेचा अर्ज लिहायला घेतला. कारण म्हणून सवयीने 'घरगुती' लिहिलं होतं, ते खोडलं. 'माझं प्रतिज्ञापत्र खोटं होतं, हे न्यायाधिकरणात सांगण्यासाठी' असं लिहिलं आणि अर्ज चेअरमनसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.