खासदारकी हरलेले वॉल्टर सर

वॉल्टर सर अमेरिकेत खासदार होते आणि सपाटून हरले होते. काल ते गेले.

आधी गावचे नगरसेवक, मग महापौर, मग खासदार. हरल्यावर गावी परतून शाळा समितीच्या निवडणुकीला उभे राहिले आणि निवडून आले.

"सर, आमच्याकडे लोक हसतील," मी एकदा म्हणालो.

"आमच्याकडेही हसले."

दोह्यात ते एका टर्मपुरते शिकवायला आले होते. ड्रायव्हर मी.

त्याच काळात गावाकडे सुनंदावर, माझ्या बायकोवर, अविश्वास ठराव आला. ती सरपंच. गायरानात खडी क्रशरला तिने परवानगी नाकारली होती.

ठराव आणणाऱ्यांनी सदस्यांना सहलीला नेलं होतं. मतदानाच्या सकाळीच परत आणणार.

आदल्या दिवशी दोह्याच्या अल मुंतझा भागात सर गाडीत बसले, तेवढ्यात उपसरपंचाचा फोन. सर म्हणाले, घे.

"भाऊ, वहिनींना राजीनामा द्यायला सांग. तुझं ऐकतील."

मी इंजिन बंद केलं.

"म्हातारी दिवसभर घरी एकटी असते रे. आपल्याला काळजी वाटते, म्हणून बोललो."

फोन ठेवला. मनात देवाचं नाव चालू होतं, पण लक्ष लागेना.

सरांनी विचारलं. सगळं सांगितलं.

"काय करणार?"

"तिला राजीनामा द्यायला सांगतो, सर. आई आहे घरी."

सर सीटवर पुढे सरकले.

"संसदेतल्या एका मतदानाआधी मला कुणी धमकी दिली नाही. माझ्या भावाच्या दुकानात माणसं गेली. मी मला हवं तेच मत दिलं. खासदारकी गेली, भावाचं दुकानही गेलं."

"पस्तावलात?"

"मत दिल्याचा पस्तावा नाही. भावाला आधी विचारलं नाही, त्याचा आहे. बायकोला सांगू नकोस. विचार."

तिथेच फोन लावला.

"सुनंदा, काय करायचं?"



"तुम्ही विचारताय?"

"हो."

"आईंना आत्ताच ताईंकडे सोडते. राजीनामा नाही देणार. पडले तर पडले."

"आणि तू?"

"मी इथंच. दार लावून झोपेन."

दुसऱ्या दिवशी सरांना सोडून मी पार्किंगमध्ये बसून राहिलो. सुनंदा फोन उचलेना. सर क्लास संपवून आले आणि शेजारच्या सीटवर बसले.

मग तिचाच फोन आला. ठराव एका मताने पडला होता. सहलीहून आणलेल्यांपैकी एका बाईंनी हातच वर केला नव्हता.

सर एवढंच म्हणाले, "आईंना आणायची घाई करू नका."

काल त्यांच्या मुलीचा मेसेज आला. मी सुनंदाला कळवलं.

आज गावात ग्रामसभा होती. पहिलाच विषय श्रद्धांजलीचा. तिने वॉल्टर सरांचं नाव घेतलं. मागून कुणीतरी ओरडलं, "हे कुठले पाहुणे, वहिनी?"

"शाळा समितीवर होते," सुनंदा म्हणाली. "उभे राहा."

सगळे उभे राहिले. उपसरपंचही.

सर, आमच्या गावाचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.